फुलीवाला शिंपला

दीपमालाच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे मृत्युंजय शेटे सरांना आठवलं ते नेमकं खांद्यावर शाल पडताना. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, समोर फोटोवाला ‘सर, थोडं हसा’ म्हणतोय आणि मागे भिंतभर कापडी फलक: ‘आक्रमक शिंपला: एक जागतिक संकट आणि आष्टी तालुका’. आठवायला याहून अडचणीची जागा शोधून सापडली नसती.

शाल घालणारे प्राचार्य आदिनाथराव सरांचेच जुने विद्यार्थी. प्राणिशास्त्राच्या वर्गात ते सगळ्यात मागे बसत आणि सगळ्यात आधी बाहेर पडत. आता ते सगळ्यात पुढे बसत आणि बाहेर पडायचं नावच घेत नसत. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, की पिंपळदऱ्याच्या तलावात शिरलेल्या परदेशी शिंपल्याचा बंदोबस्त येत्या सोमवारी सुरू होईल. तलावाच्या पाण्यावर चालणाऱ्या मत्स्यबीजाच्या तळ्यांत आधी ब्लीचिंग पावडर टाकून प्रयोग केला जाईल, आणि या कार्याला आपले गुरुवर्य शेटे सर यांचा आशीर्वाद आहे.

टाळ्या झाल्या. आशीर्वाद आपण कधी दिला ते सरांना आठवेना, पण मान मात्र हलली. ती त्यांची जुनी खोड. कोणी रस्ता विचारला तरी आधी मान हलायची, रस्ता मागाहून आठवायचा.

ती मत्स्यबीजाची तळी दीपमालाची होती.

दीपमाला त्यांच्या शेवटच्या वर्गातली मुलगी. बी.एस्सी. झाली आणि पिंपळदऱ्याच्या रामेश्वरला दिली. घर ऊसतोडीचं, दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर आणि कोयता हातात. लग्नानंतर तीही दोन-तीन हंगाम गेली. मग तलावाखालच्या पडीक जागेतली तळी तिनं मच्छीमार सोसायटीकडून करारानं घेतली. रोहू-कटल्याचं जिऱ्याएवढं बीज आणायचं, ते बोटाएवढं होईपर्यंत सांभाळायचं आणि तलावांत सोडायला विकायचं. त्या बोटाएवढ्या पोरामाशांना बोटुकली म्हणतात. यंदा बोटुकली अशी धरली होती, की त्या घरानं पहिल्यांदाच मुकादमाला तोंडावर सांगितलं, आम्ही येत नाही, दुसरी जोडी बघ. ती बोटुकली मेली की पुन्हा मुकादमाचं दार.

पत्रात तिनं हे काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच: ‘सर, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते. आमच्या तलावात शिंपल्याची पिल्लं निघाली म्हणून कॉलेजनं पेपरात फोटो दिलाय. फोटोत मोजपट्टी नाही. मोजपट्टी नसलेलं चित्र तुम्ही आमच्या अंगावर फेकायचात. खरं काय ते दोन ओळी लिहून कळवा. तुम्ही हो म्हणालात तर मी माझ्या हातानं पावडर टाकीन.’

शेवटच्या ओळीनं सरांचा घात केला. साधं विचारलं असतं तर त्यांनी कदाचित उत्तर दिलंही असतं. पण आपल्या शब्दावर कोणी काही टाकणार किंवा न टाकणार, ही कल्पनाच त्यांना पेलवेना. उभ्या नोकरीत त्यांनी एकही ठाम विधान केलं नव्हतं. बेडूक हातात धरून ‘हा बहुधा बेडूक’ म्हणणारा माणूस. त्यांनी तिला उत्तराचे कच्चे खर्डे केले, प्रत्येक खर्ड्यात शंका वाढवली, आणि शेवटी पत्र एका जाड शब्दकोशात ठेवून कोश कपाटात ठेवला. कपाटाला कडीही लावली, जणू पत्र बाहेर येऊन जाब विचारणार होतं.

आता हा शिंपला सापडला कसा, ते सांगायला हवं.

यंदा पिंपळदऱ्याचा तलाव भरून सांडला. तलाव भरला की जलपूजन आलं, आणि पुढाऱ्यावाचून पाणी आपली पूजा करून घेत नाही. साडीचोळी झाली, खणानारळानं ओटी भरली. गावच्या बायांनी परातीच्या पराती भरून कणकेचे दिवे आणले होते. दिवे द्रोणात ठेवून सोडायचे. पण पाहुण्यांच्या मागच्या लोकांनी असा रेटा दिला, की निम्मे द्रोण काठालाच कलंडले. दिवे विरघळले, पाणी ताकासारखं पांढुरकं झालं.

त्याच मांडवात, त्याच पाहुण्यांच्या हस्ते, कॉलेजच्या जलजीव सर्वेक्षणाचंही उद्घाटन होतं. मांडव एक, भाडं एक, पाहुणा एक. काटकसर म्हणून ठीकच. सूक्ष्म जीव धरायची बारीक कापडाची जाळी असते, शंकूसारखी, खाली बाटली बांधलेली. तिला लाल फीत लावली होती. पाहुण्यांनी फीत कापली आणि जाळी पाण्यात सोडली ती जिथं उभे होते तिथंच, दिव्यांच्या राड्यात. नावेत बसून मधल्या पाण्यात जायचं ठरलं होतं खरं, पण बूट भिजवणं कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. शेटे सर शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांना ते दिसलं. ‘जाळी बहुधा जरा पुढं टाकायला हवी होती’ असं ते म्हणालेही, पण शेजारच्या हलगीवाल्याला.

पुढचं काम आदिनाथरावांनी केलं. त्यांनी आक्रमक शिंपल्यांवरची एक ऑनलाइन कार्यशाळा केली होती. म्हणजे ती चालू ठेवून ते लग्नाला गेले होते, आणि प्रमाणपत्र चौकटीत बसवून टांगलं होतं. कार्यशाळेत खरी गोष्ट सांगितली होती. या शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना न दिसणारी, पाण्यात तरंगणारी असतात. मोठी झाली की पाइपात चिकटून पाणी बंद पाडतात. पिल्लू ओळखायचं असेल तर सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात दोन खास काचा आडव्या-उभ्या धरायच्या. सगळं काळं दिसतं, फक्त पिल्लाचं कवच चमकतं आणि त्या चमकीवर काळी फुली उमटते. त्यानंतर बराच वेळ, फुली आणखी कशाकशावर उमटते आणि माप कसं घ्यायचं, ते सांगितलं होतं. पण तोवर लग्नात पंगत बसली असावी.

बाटलीतलं पाणी काचेखाली घातलं आणि आदिनाथरावांना फुल्याच फुल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘आष्टी तालुक्यावर परकीय आक्रमण’. जवळच्या कडा गावच्या बाजारात मासळी कोणी घेईना. पोटात शिंपले वाढून खडे होतात, अशी चित्रफीत फोनाफोनी फिरली. एकानं तर ग्रामसभेत विचारलं, की शिंपला आलाय तर मोतीबी निघतील का, आणि निघाले तर सोसायटीचे का ग्रामपंचायतीचे.

सत्काराच्या दिवशी सरांना शालीबरोबर स्मृतिचिन्हही मिळालं: मखमली पेटीत तीच पाण्याची छोटी बाटली, वर सोनेरी अक्षरांत ‘संकटाची पहिली चाहूल’.

घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली. कॉलेजनं भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी निवृत्तीच्या वेळी मागून आणला होता. खास काचा नव्हत्या, म्हणून दोन बंद पडलेल्या कॅलक्युलेटरांच्या पडद्यांवरच्या पापुद्र्यांनी काम भागवलं. थेंब ठेवला. खरंच फुल्या होत्या. काळोखात लहान लहान दाणे चमकत होते आणि प्रत्येकावर फुली.

सरांना क्षणभर बरंच वाटलं. आदिनाथ बरोबर निघाला तर आपल्याला काही करावं लागणार नाही, अशी ती सुटका होती. पण सवयीनं त्यांनी मोजपट्टी लावली. दाणे फारच लहान. शिंपल्याचं पिल्लू याच्या तिप्पट-चौपट तरी भरायला हवं. त्यांनी आधी मोजपट्टीवर संशय घेतला, मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर, मग स्वतःवर. पुन्हा पाहिलं. शिंपल्याला कवचाची दोन पाखं असतात, ती जोडणारी एक सरळ कड असते. इथं पाख नाही, कड नाही, नुसते वाटोळे दाणे. आणि मग त्यांना तो पांढुरका काठ आठवला, आणि पिठाच्या दाण्यावरही अशीच फुली दिसते हे आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो, हेही आठवलं.

ते स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या पत्नी बसम्मा कणीक मळत होत्या. सरांनी परातीतून चिमूटभर कणीक उचलली.

“अहो, भाकऱ्या सोडून आज पोळ्या करते, त्यावरबी डोळा का?” बसम्मा म्हणाल्या.

कणकेचा थेंब काचेखाली घातला तर तेच दाणे, तीच फुली. राहिली ती शेवटची खात्री. पिठाला आयोडीन लागलं की ते निळंकाळं पडतं, हे शाळेतलं पोरही जाणतं. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध फडताळात होतं. सरांनी त्याचा थेंब ‘संकटाच्या पहिल्या चाहुली’त सोडला. बघता बघता सगळं परकीय आक्रमण निळंकाळं झालं.

बसम्मांनीही एक डोळा मिटून पाहिलं. “परवा माझं बोट कापलं तवा ही बाटली सापडत नव्हती तुम्हाला,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “म्हणजे त्या पोरीच्या तळ्यात काहीच न्हाई?”

“बहुधा.”

“अहो, बहुधा काय? निळं झालं का न्हाई झालं?”

सरांनी उत्तर लिहायला घेतलं. संध्याकाळपर्यंत एक वाक्य तयार झालं: ‘सदर सूक्ष्मकण हे पिष्टमय असण्याची शक्यता प्रथमदर्शनी पूर्णतः नाकारता येईलच असे नाही.’ बसम्मांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, की यात पावडर टाका म्हणलंय का टाकू नका म्हणलंय. सरांनी कागद परत घेतला. आधी आदिनाथशी बोलावं, मग लिहावं, असं त्यांनी ठरवलं. न लिहिण्यासाठी त्यांना नेहमीच एखादं सभ्य कारण सापडे.

कॉलेजात आदिनाथरावांनी गुरूंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सूक्ष्मदर्शकात डोकावून निळे दाणे पाहिले. माणूस मठ्ठ नव्हता. कळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढाच दार लावून घ्यायलाही लागला.

ते शांतपणे बोलत राहिले. शिंपला या बाटलीत नसेलही, पण आज ना उद्या येणार नाही याची हमी कोण देतं? आणि आल्यावर जागं होण्यापेक्षा आधी जागं झालेलं बरं नाही का? शिंपला संशोधन केंद्राचा प्रस्ताव वर गेलाय, इमारतीची जागा बघून झालीय, सल्लागार म्हणून पहिलं नाव सरांचं घातलंय. आता पीठ निघालं म्हणून कळवायचं, तर वरचे लोक काय पीठ संशोधन केंद्र देतील?

“पण दीपमालाची बोटुकली?” सरांनी चहाच्या कपाकडे बघत विचारलं.

“ती भरपाईचा अर्ज करील की. नमुना आपणच छापून देऊ.” मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “सर, मी तुमचा विद्यार्थी. तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. फक्त एवढं सांगा, तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे?”

शंभर टक्के खात्री सरांना स्वतःच्या जन्मतारखेचीही नव्हती. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याला शिष्यानं संमती मानलं आणि निघताना आणखी एक नारळ हातात दिला. सत्काराचा साठा उरला होता.

रविवार सरांनी कपाटासमोर येरझाऱ्या घालण्यात काढला. सोमवारी सकाळी, बसम्मांनी काही म्हणायच्या आतच, ते आष्टीच्या स्टँडवर गेले. कड्यापर्यंत बस, पुढं काळीपिवळी जीप. आपण तिथं जाऊन काय करणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जाऊन मागे उभं राहायचं, एवढंच बहुधा.

तळ्यांजवळ मांडव होता. पावडर टाकायलाही मांडव, आणि पावडरीच्या पोत्यांना हार. तळ्यात पाणी चुळबुळत होतं. खाद्याची वेळ झाली म्हणून बोटुकली काठाशी गोळा झाली होती, आणि माणसांच्या सावल्या बघून आशेनं वर येत होती. पाहुणे अजून यायचे होते, म्हणूनच ती अजून जिवंत होती.

दीपमाला तलावाचं काम बघणाऱ्या जीवन साहेबांशी भांडत होती. साहेब डोक्यावर रुमाल टाकून खुर्चीत बसले होते आणि तिचं सगळं ऐकून घेत होते, म्हणजे फोनात बघत होते. रामेश्वर तळ्याच्या बांधावर उकिडवा बसला होता. त्याच्या शेजारी गेल्या हंगामाचे दोन कोयते पडले होते. बांधावरचं गवत काढायला आणले असतील, पण सरांना ते बघवले नाहीत.

सर बाभळीआड उभे राहायला गेले. बाभळीआड माणूस लपत नाही.

“ते बघा, शेटे सर आलेत,” दीपमाला म्हणाली. “सर, इकडं या. तुमी सांगा यास्नी. हाय का न्हाई शिंपला?”

सगळा मांडव वळला. सांगायचं वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर होतं. पण एवढी माणसं एकदम बघायला लागली आणि त्यांच्या तोंडून नेहमीचाच शब्द आधी बाहेर पडला.

“बहुधा...”

पुढचं ‘नाही’ यायच्या आत आदिनाथरावांनी माइक उचलला. “ऐकलंत? गुरुवर्यांचंही हेच मत आहे. बहुधा आहे. आणि शास्त्रात बहुधा हा फार मोठा शब्द असतो.”

सरांनी हात वर केला. तो नमस्कार समजून दोघातिघांनी त्यांना नमस्कार केला.

दीपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर सरांना सोसलं असतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “कशापायी आलात सर? तुमच्या दोन ओळींची वाट बघितली मी. पोस्टातली करिष्मा म्हणायची, वैनी, तुमचं न्हाई आलं. शेवटी तिला विचारायचीबी लाज वाटाया लागली. तुमी यायचं आन् त्यांचंच बोलायचं, त्यापरीस घरी बसला असतात तर बरं झालं असतं.”

मग ती पुन्हा साहेबांकडे वळली. दुसरीकडून तपासणी होईपर्यंत थांबा, एवढंच तिचं म्हणणं होतं. जीवन साहेबांनी फोनातून मान काढली. ते वाईट मनुष्य नव्हते, फक्त सरकारी होते.

“बाई, तोंडी तुमी दिवसभर बोला, मला ते फाईलला लावता येत न्हाई. जाणकाराचा लेखी आक्षेप टपालानं आला, त्यावर शिक्का असला, की आवक होते. आवक झाली की त्याचा निकाल लागेपर्यंत मला पोतं फोडता येत न्हाई. आता न्हाई आलं टपाल, त्याला मी काय करू? पाहुणे आले की काम सुरू.”

सरांनी ते ऐकलं. ते मांडवातून निघाले. घाबरून पळाले, असंच सगळ्यांना वाटलं. आदिनाथरावांनी तर ‘वयोमानानं ऊन सोसत नाही’ अशी माइकवरून दिलगिरीही व्यक्त केली.

रस्त्याच्या पलीकडे एका खोलीत पोस्ट होतं. टेबलामागे करिष्मा बसली होती. गावची पोस्टमास्तरीण तीच, आणि टपाल वाटायलाही तीच जायची. सरांनी तिच्याकडून दोन लिफाफे घेतले, दोन कोरे कागद मागून घेतले आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या उभ्याच लिहायला लागले. इथं त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. समोर फक्त कागद होता, आणि कागदाला एवढं भ्यायचं खरं तर कधीच कारण नव्हतं. अक्षर वळणदार आलं.

‘चि. दीपमाला हिस. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. बाटलीत शिंपल्याचं पिल्लू नाही. जलपूजनाच्या दिव्यांचं गव्हाचं पीठ आहे. मी मापलं आहे, आयोडीन घालून पाहिलं आहे, ते निळं झालं. ज्याला शंका असेल त्यानं माझ्यासमोर पुन्हा घालून पाहावं. तळ्यात पावडर टाकू नये.’

खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, आणि ‘निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र’. हे शेवटचे तीन शब्द लिहिताना पेन जरा अडखळलं. दुसऱ्या कागदावर त्यांनी तोच मजकूर उतरवला, वर ‘लेखी आक्षेप’ असं लिहून खाली रेघ ओढली, आणि लिफाफ्यावर जीवन साहेबांचं नाव, हुद्दा घातला. मुक्काम मात्र पिंपळदरा.

करिष्मानं दोन्ही लिफाफे उलटसुलट करून पाहिले. मग खिडकीतून मांडवाकडे पाहिलं. तिथं दीपमाला उभी दिसत होती, साहेबांचा रुमालही दिसत होता.

“सर, हे दोघंबी तर समोरच हायत,” ती म्हणाली. “हाक मारली तर इथून ऐकू जाईल. हातातच द्या की.”

“नको,” सर म्हणाले. “हातातलं फाईलला लागत नाही.”

“मग साधं टाकू?”

“शिक्का आणि पोच, दोन्ही पाहिजे.”

“रजिस्टर बंद झालं सर. आता स्पीड पोस्टच. गावातल्या गावात स्पीड पोस्ट...” तिनं वाक्य तिथंच सोडलं. वजनकाटा पुढं ओढला, मोबाइल उघडला, पत्ते भरले. पाठवणाऱ्याचं नाव तिनं विचारलं, तेव्हा सरांनी ते इतक्या हळू सांगितलं, की तिला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. पाहुणे आले असावेत. मांडवात हलगी सुरू झाली. सर वळून बघायला गेले, पण मधेच थांबून टेबलाची कड धरून उभे राहिले.

“वाटपाला दुपारी निघते मी,” करिष्मा म्हणाली.

“आज आत्ता निघता येईल का बाई?”

तिनं हॉर्नकडे कान दिला, सरांच्या टेबलावरच्या बोटांकडे पाहिलं आणि पायांनी टेबलाखालची चप्पल चाचपली. शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि आधी साहेबांच्या, मग दीपमालाच्या लिफाफ्यावर उमटवला.